एलिझाबेथ डेव्हिड आणि फ्रान्सचा घरगुती स्वयंपाक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एलिझाबेथ डेव्हिड यांची पुस्तके हाती घेणाऱ्या मराठी वाचकाला काही शंका हमखास येतात. फ्रेंच स्वयंपाक म्हटला की लोणी, क्रीम आणि वाइन यांत बुडालेले, पांढरी उंच टोपी घातलेल्या आचाऱ्याने सजवलेले ताट डोळ्यांसमोर येते, आणि या बाईंच्या पुस्तकांत त्यातले फारसे काही सापडत नाही. पाककृतींत सामानाची यादी नसते, छायाचित्रे नसतात, आणि एखाद्या सूपच्या आधी पानभर वर्णन मात्र असते. अशा शंकांची उत्तरे पुढे दिली आहेत.

एलिझाबेथ डेव्हिड कोण होत्या?

विसाव्या शतकात इंग्रजी भाषेत स्वयंपाकाविषयी लिहिणाऱ्यांपैकी त्या सर्वांत प्रभावी लेखिकांमध्ये गणल्या जातात. २६ डिसेंबर १९१३ रोजी इंग्लंडमधील ससेक्स परगण्यात, ग्विन या सधन घराण्यात त्यांचा जन्म झाला. वडील रूपर्ट ग्विन हे हुजूर पक्षाचे खासदार होते आणि एलिझाबेथ दहा वर्षांच्या असताना त्यांचे निधन झाले. चार बहिणींच्या या घरात स्वयंपाक नोकरमाणसे करीत, आणि तो बेचवच असे. तरुणपणी त्यांनी काही काळ रंगभूमीवर कामे केली. लेखिका म्हणून त्यांचे पहिले पुस्तक १९५० साली, म्हणजे वयाच्या छत्तिसाव्या वर्षी प्रसिद्ध झाले. २२ मे १९९२ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. त्या व्यावसायिक आचारी नव्हत्या आणि त्यांनी कधी उपाहारगृहही चालवले नाही, ही गोष्ट त्यांचे लेखन समजून घेताना फार उपयोगी पडते, कारण त्यांनी जे लिहिले ते खाणाऱ्याच्या आणि घरी रांधणाऱ्याच्या बाजूने लिहिले.

फ्रेंच स्वयंपाकाशी त्यांचा संबंध कसा आला?

सोळा वर्षांच्या असताना त्यांना शिक्षणासाठी पॅरिसला पाठवण्यात आले. सोरबॉन विद्यापीठात त्या शिकत होत्या आणि पासी या भागात एका मध्यमवर्गीय कुटुंबात पैसे देऊन राहत होत्या. या कुटुंबातील सगळी मंडळी कमालीची खवय्यी होती. घरची बाई भल्या सकाळी ले आलच्या घाऊक बाजारात जाऊन सामान आणी, आणि लिओंतीन नावाची स्वयंपाकीण ते रांधत असे. ताटात डोळे दिपवणारे काही नसे. फिकट रंगांची भाज्यांची सूप, नीट निवडलेली भाजी, चांगले मासे, एखादा गोड पदार्थ. ते अन्न आपल्या मनावर किती ठसले आहे, हे त्यांना त्या वेळी कळले नाही. इंग्लंडला परतल्यावर रोजच्या जेवणात काहीतरी हरवल्यासारखे वाटू लागले तेव्हा ते उमगले, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे.

पुढचे शिक्षण प्रवासाने दिले. १९३९ साली एका सोबत्याबरोबर लहानशी नौका घेऊन त्या फ्रान्सच्या कालव्यांतून भूमध्य समुद्राकडे निघाल्या. आंतीब येथे त्यांची नॉर्मन डग्लस या वयोवृद्ध लेखकाशी गाठ पडली. खाण्यात जे उत्तम असेल तेच मागावे आणि दुय्यम दर्जाचे सरळ नाकारावे, हा धडा या गृहस्थाकडून मिळाल्याचे त्या आयुष्यभर सांगत राहिल्या. जून १९४० मध्ये नौका सिसिलीला पोहोचली तीच इटली युद्धात उतरत असताना. नौका जप्त झाली, अटक झाली, आणि सुटका झाल्यावर त्या ग्रीसला गेल्या. सिरोस बेटावरील मुक्काम जर्मन आक्रमणामुळे संपला आणि १९४१ मध्ये त्या इजिप्तला पोहोचल्या. अलेक्झांड्रिया आणि नंतर कैरो येथे त्यांनी ब्रिटिश सरकारच्या युद्धकालीन कचेऱ्यांत नोकरी केली. कैरोच्या घरी सुलेमान नावाचा सुदानी स्वयंपाकी दोन प्रायमस स्टोव्ह आणि त्यांवर ठेवलेली, ओव्हनचे काम करणारी पत्र्याची पेटी एवढ्या सामग्रीवर पाहुण्यांच्या पंक्ती उठवीत असे. उत्तम जेवणाला सुसज्ज स्वयंपाकघर लागत नाही, हा त्यांच्या लेखनातील ठाम सूर बराचसा इथून आला असावा, असे मानायला जागा आहे.

त्या भारतातही राहिल्या होत्या का?

होय, पण थोडे महिने. १९४४ साली कैरोत त्यांचा विवाह लष्करी अधिकारी टोनी डेव्हिड यांच्याशी झाला. पतीची बदली भारतात झाली आणि १९४६ च्या सुरुवातीला त्या नवी दिल्लीला आल्या. मावळत्या साम्राज्यातील साहेबी वर्तुळाचे जीवन त्यांना रुचले नाही, प्रकृतीनेही साथ दिली नाही, आणि त्याच वर्षी त्या इंग्लंडला परतल्या. भारतीय स्वयंपाकाचा त्यांनी खोल अभ्यास केला असे म्हणता येणार नाही. मात्र १९७० साली आलेल्या इंग्लंडमधील मसाल्यांविषयीच्या पुस्तकात भारतातून तिकडे गेलेल्या चटण्या, लोणची आणि खिचडीचे विलायती रूप यांच्यावर त्यांनी मन लावून लिहिले आहे. मद्रासच्या फौजेतील अधिकारी केनी-हर्बर्ट यांनी एकोणिसाव्या शतकात लिहिलेल्या पाकविषयक पुस्तकाचे त्यांना विशेष कौतुक होते.

पहिले पुस्तक कोणत्या परिस्थितीत लिहिले गेले?

ब्रिटनमध्ये १९४० पासून शिधावाटप सुरू होते आणि ते युद्ध संपल्यावरही वर्षानुवर्षे चालू राहिले. पावावर तर युद्धकाळात नसलेले नियंत्रण जुलै १९४६ मध्ये आले. मांसावरचे शेवटचे नियंत्रण जुलै १९५४ मध्ये उठले. १९४६-४७ च्या कडक हिवाळ्यात रॉस-ऑन-वाय या गावातील एका हॉटेलात त्या मुक्कामाला होत्या. तिथल्या मिळमिळीत जेवणाला वैतागून त्यांनी जर्दाळू, ऑलिव्ह, लिंबे, लोणी, तांदूळ, बदाम अशा, तेव्हा इंग्लंडमध्ये दुर्मीळ असलेल्या, पदार्थांविषयी कागदावर उतरवायला सुरुवात केली. त्यातून पुढे मासिकांतील लेख झाले आणि १९५० मध्ये प्रकाशक जॉन लेमन यांनी ‘अ बुक ऑफ मेडिटरेनियन फूड’ हे पुस्तक छापले. मुखपृष्ठ आणि आतील चित्रे जॉन मिंटन यांची होती.

या पुस्तकातील कित्येक पाककृती त्या वर्षी ब्रिटनमधल्या बहुतेक घरांत करून पाहणे शक्यच नव्हते. ऑलिव्ह तेल औषधांच्या दुकानात लहान बाटलीत, कानात घालायला म्हणून मिळे. तरीही पुस्तक वाचले गेले, आणि हेच त्याचे वैशिष्ट्य होते. लोकांनी ते आधी वाचले आणि काही वर्षांनी, सामान मिळू लागल्यावर, त्यातून स्वयंपाक केला.

फ्रान्सविषयी त्यांची पुस्तके कोणती आणि त्यांत फरक काय?

मुख्य पुस्तके दोन. १९५१ मधील ‘फ्रेंच कंट्री कुकिंग’ हे आकाराने लहान असून त्यात शेतघरांतील आणि खेड्यांतील पदार्थ आहेत. १९६० मधील ‘फ्रेंच प्रोव्हिन्शियल कुकिंग’ हा त्यांचा सर्वांत भरीव फ्रेंच ग्रंथ. त्यात प्रोव्हान्स, नॉर्मंडी, अल्सास आणि लोरेन, लुआर, साव्वा, बर्गंडी, पेरिगोर, लांगदोक अशा प्रांतांची ओळख आधी येते. मग भांडी, साठवणीचे सामान, मापे, स्वयंपाकातील वाइन यांवर प्रकरणे येतात. आणि त्यानंतर सूप, अंडी, भाज्या, मासे, मांस असा क्रम लागतो. शेवटी जुन्यानव्या पाकग्रंथांची लांबलचक सूची आहे. पाककृतींच्या पुस्तकाला अशी सूची जोडणारी व्यक्ती वाचकाला विद्यार्थ्यासारखी वागवते, आणि काहींना ते आवडत नाही; प्रस्तुत लेखकाला मात्र ते या ग्रंथाचे बळ वाटते.

प्रांतवार मांडणीमागे एक विचार होता. नॉर्मंडीत गाईगुरे आणि सफरचंदे आहेत म्हणून तिथला स्वयंपाक लोणी, साय आणि सफरचंदांच्या मद्यावर उभा आहे. प्रोव्हान्समध्ये कुरणे कमी आणि ऑलिव्हची झाडे जास्त, म्हणून तिथे तेल, लसूण, टोमॅटो. जमीन, हवामान आणि बाजार यांतून पदार्थ जन्मतो, हे त्यांनी उपदेश न करता दाखवले. त्यांनी कावायों, ईव्हतो, मोंपेलिए, मार्तीग आणि व्हालांस येथील बाजारांवर लिहिलेले लेख याच विचाराचे उत्तम नमुने आहेत. हे लेख १९८४ मधील ‘अ‍ॅन ऑम्लेट अँड अ ग्लास ऑफ वाइन’ या संग्रहात वाचायला मिळतात.

त्यांच्या लेखी ‘साधा’ स्वयंपाक म्हणजे नेमके काय?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा आणि सर्वांत जास्त गैरसमज असलेला प्रश्न आहे. झटपट होणारा, कमी खर्चाचा किंवा कमी कष्टाचा स्वयंपाक असा अर्थ त्यांच्या मनात नव्हता. त्यांचे काही पदार्थ दहा मिनिटांत होतात, तर काहींना दोन दिवस लागतात; पांढरे बीन्स, बदकाचे मांस आणि सॉसेज घालून करायचा कासुले हा पदार्थ कोणत्याही अर्थाने सोपा नाही, तरी त्यांच्या दृष्टीने तो साधाच. पदार्थात जे असायला हवे ते उत्तम प्रतीचे असावे आणि जे असण्याची गरज नाही ते घालू नये, एवढाच त्यांचा नियम होता. हा नियम पाळायला संयम लागतो, कारण स्वयंपाक करणाऱ्याला आणखी थोडे काहीतरी घालण्याचा मोह सतत होत असतो.

दोफिने प्रांतातील बटाट्यांचा ग्रातँ हे याचे चांगले उदाहरण आहे. या पदार्थात चीज आणि अंडी घालावीत की नाही, यावर फ्रान्समधील नामवंत पाकतज्ज्ञांतही मतभेद आहेत, आणि डेव्हिड यांनी ते मतभेद नोंदवून दोन्ही वगळलेली कृती दिली आहे. साधारण ४५० ग्रॅम पिवळसर बटाटे नाण्याच्या जाडीच्या चकत्यांत कापायचे, थंड पाण्यात खळखळून धुवायचे, कापडात कोरडे करायचे. लसूण चोळलेल्या आणि लोणी लावलेल्या पसरट मातीच्या भांड्यात त्यांचे थर लावायचे. मीठ, मिरपूड आणि सुमारे २८० मिलिलिटर दाट क्रीम घालून मंद ओव्हनमध्ये दीड तास ठेवायचे, आणि शेवटची दहा मिनिटे आंच वाढवून वरचा थर सोनेरी करायचा. यात लपायला जागा नाही. बटाटा चांगला नसेल किंवा आंच जास्त झाली तर ते लगेच कळते. चकत्या धुण्यावर त्यांचा फार कटाक्ष आहे. आजचे अनेक आचारी नेमके उलट सांगतात, कारण बटाट्यातील पिठूळपणामुळे क्रीम दाट होते. दोन्ही रीतींनी करून पाहता धुतलेल्या बटाट्यांचा पदार्थ अधिक हलका होतो आणि न धुतलेल्यांचा अधिक घट्ट. बरोबर-चूक ठरवण्यापेक्षा आवडीचा प्रश्न अधिक आहे.

दुसरे उदाहरण ऑम्लेटचे. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरील मों-सां-मिशेल येथील मादाम पुलार यांचे ऑम्लेट इतके प्रसिद्ध होते, की त्यामागे काही गुपित असले पाहिजे, खास कोंबड्या असतील, कढई वेगळी असेल, अंड्यांत साय घालत असतील, असे तर्क लोक लढवीत राहिले. १९२२ साली कोणीतरी त्यांनाच पत्र लिहून विचारले. उत्तर आले ते एवढेच, की चांगली अंडी फोडून फेटते, तव्यात लोण्याचा चांगला तुकडा टाकते, अंडी ओतते आणि तवा सतत हलवीत राहते. डेव्हिड यांनी ही हकिकत आनंदाने सांगितली आहे, आणि त्यांच्या साऱ्या लेखनाची दिशा तीत दिसते. जिथे काहीच दडवलेले नाही तिथे रहस्य शोधत बसणे हा खवय्यांचा जुना छंद आहे, आणि त्याची त्या हळूच टर उडवतात.

पाककृती इतक्या मोघम का आहेत?

त्या वाटतात तितक्या मोघम नाहीत. त्यांची मांडणी वेगळी आहे. आधी सामानाची यादी आणि मग क्रमांक घातलेल्या पायऱ्या, ही आज सर्वत्र रूढ असलेली पद्धत त्या फ्रान्सवरील पुस्तकांत बहुधा वापरत नाहीत. कृती सलग गद्यात येते, आणि प्रमाण वाक्याच्या ओघात सांगितले जाते. त्यामुळे बाजारात जाण्यापूर्वी पूर्ण कृती वाचावी लागते, पेन्सिल घेऊन यादी काढावी लागते. अननुभवी माणसाला याचा त्रास होतो, यात शंका नाही. जिथे नेमकेपणा अत्यावश्यक आहे तिथे तो दिलेला असतो. चॉकलेट मूससाठी माणशी एक अंडे आणि एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम, कडवट चॉकलेट, हे त्यांचे प्रमाण इतके सुटसुटीत आहे, की एकदा वाचल्यावर पुस्तक पुन्हा उघडावे लागत नाही. चॉकलेट वितळवून त्यात पिवळे बलक मिसळायचे आणि फेटून फुगवलेला पांढरा भाग हलक्या हाताने घोळायचा. यातील अंडी कच्चीच राहतात, तेव्हा ती ताजी हवीत, आणि गरोदर स्त्रिया, लहान मुले व वृद्ध यांनी हा पदार्थ टाळलेला बरा.

ज्युलिया चाइल्ड आणि त्या यांच्यात फरक काय?

ज्युलिया चाइल्ड, सिमोन बेक आणि लुईझेत बर्तोल यांचा फ्रेंच स्वयंपाकावरील प्रसिद्ध अमेरिकी ग्रंथ १९६१ साली, म्हणजे ‘फ्रेंच प्रोव्हिन्शियल कुकिंग’नंतर एका वर्षाने आला. तो ग्रंथ तंत्र शिकवतो. प्रत्येक पायरी, प्रत्येक संभाव्य चूक आणि तिची दुरुस्ती त्यात आहे. डेव्हिड तंत्र गृहीत धरतात आणि पदार्थ कसा लागला पाहिजे, कुठे आणि केव्हा खाल्ला जातो, हे मनात ठसवतात. चाइल्ड दूरचित्रवाणीमुळे घराघरांत पोहोचल्या. डेव्हिड यांना प्रसिद्धीचा तिटकारा होता आणि मुलाखती देणेही त्या टाळत. हॉलंडेज सॉस, म्हणजे अंड्याचे बलक आणि लोणी यांचा सॉस, पहिल्यांदाच करणाऱ्याने चाइल्ड यांचा हात धरावा. काय रांधावे आणि का रांधावे, हा प्रश्न ज्याला पडला आहे त्याला डेव्हिड अधिक देतात.

त्यांच्या आधी हे काम कोणी केले नव्हते का?

केले होते, आणि त्यांनी ते मान्यही केले आहे. पॉइतिए गावचे मार्सेल बुलेस्ताँ लंडनमध्ये स्थायिक झाले आणि १९२३ साली त्यांनी इंग्रजी घरांसाठी साध्या फ्रेंच स्वयंपाकाचे पुस्तक लिहिले. कोव्हेंट गार्डनजवळचे त्यांचे उपाहारगृह नावाजलेले होते, आणि १९३७ साली बीबीसीच्या दूरचित्रवाणीवर स्वयंपाक करून दाखवणारे ते पहिले आचारी ठरले. एदुआर द पोमियान हे पाश्चर इन्स्टिट्यूटमधील शास्त्रज्ञ; त्यांनी रेडिओवरून आणि पुस्तकांतून फ्रेंच स्वयंपाकातील थोतांडावर हसत हसत प्रहार केले, आणि डेव्हिड यांचे ते आवडते लेखक होते. आईने एकविसाव्या वाढदिवसाला भेट दिलेले हिल्डा लेयेल यांचे पुस्तक वाचून आपण स्वयंपाक शिकायला लागलो, असेही त्यांनी म्हटले आहे. त्यामुळे त्या एकट्याच वाट पाडणाऱ्या होत्या, असे मानण्याचे कारण नाही.

ब्रिटनच्या खाण्याच्या सवयी त्यांनीच बदलल्या, हे खरे आहे का?

काही अंशी. पत्रकार आणि लेखक ऑबरन वॉ यांनी विसाव्या शतकात इंग्रजी जीवनात सर्वाधिक सुधारणा घडवणारी स्त्री म्हणून त्यांना मत देण्याची तयारी दाखवली होती, आणि खाद्यलेखिका जेन ग्रिगसन यांनी बेसिल (तुळशीच्या जातीची पाने), कूर्जेत (झुकिनी) हे शब्दसुद्धा तेव्हा इंग्लंडात किती परके होते, याची आठवण लिहून ठेवली आहे. तरीही सवयी बदलायला पुस्तके पुरत नाहीत. शिधावाटप संपणे, लंडनच्या सोहो भागातील इटालियन आणि सायप्रसहून आलेल्यांची दुकाने, स्वस्त विमानप्रवास आणि स्थलांतरितांचे स्वयंपाक यांचा वाटा मोठा आहे. डेव्हिड यांचे योगदान असे, की बदलाची वेळ आली तेव्हा काय मागावे हे सांगणारा मजकूर पेंग्विन प्रकाशनाच्या स्वस्त आवृत्तीत लोकांच्या हातात होता. लेखक आणि आचारी यांच्यावरचा प्रभाव मात्र निर्विवाद आहे. क्लॉडिया रोडेन यांनी मध्यपूर्वेच्या स्वयंपाकावर केलेले काम आणि कॅलिफोर्नियातील बर्कली येथे १९७१ साली ॲलिस वॉटर्स यांनी सुरू केलेले ‘शे पानिस’ हे उपाहारगृह ही त्याची ठळक उदाहरणे होत.

लसूण पिळण्याच्या यंत्रावर त्यांचा एवढा राग का होता?

नोव्हेंबर १९६५ मध्ये त्यांनी भागीदारांसह लंडनच्या पिमलिको भागात, ४६ बोर्न स्ट्रीट येथे, स्वयंपाकाच्या भांड्यांचे दुकान उघडले. फ्रेंच मातीची भांडी, चांगल्या सुऱ्या, जाड बुडाची पातेली तिथे मिळत. लसूण पिळण्याचे यंत्र आणि भिंतीवर बसवायचे सुरीला धार लावण्याचे यंत्र मात्र मिळत नसे. सुरीच्या पात्याने आणि मिठाने लसूण सहज ठेचला जातो, यंत्र मात्र त्याचा उग्र रस काढते आणि धुवायलाही कटकटीचे असते, असे त्यांचे मत होते, आणि १९८६ साली त्यांनी त्यावर एक स्वतंत्र, चांगलाच झणझणीत लेख लिहिला. पाट्यावर किंवा खलबत्त्यात लसूण ठेचणाऱ्या मराठी वाचकाला हा वाद मुळात का व्हावा, असे वाटेल. भागीदारांशी न पटल्यामुळे १९७३ मध्ये त्या दुकानातून बाहेर पडल्या.

त्यांच्यावर टीका झाली आहे का?

झाली आहे, आणि तिच्यातील काही भाग रास्त आहे. त्यांचा फ्रान्स हा सुट्टीवर आलेल्या सधन इंग्रज बाईचा फ्रान्स आहे, असे म्हटले जाते. पासीच्या ज्या घरातील साधेपणाची त्या स्तुती करतात, त्या घरात पगारी स्वयंपाकीण होती. शेतकऱ्याच्या घरचा म्हणून ओळखला जाणारा पदार्थ त्यांनी पुष्कळदा चांगल्या हॉटेलच्या टेबलावर खाल्लेला असे. आर्देश भागातील लामास्त्र गावच्या मादाम बारातेरो यांचे हॉटेल हे त्यांचे लाडके ठिकाण होते. ग्रामीण गरिबी, एकाच सुपावर काढलेले हिवाळे, बायांचे न संपणारे श्रम हे त्यांच्या पानांत फारसे दिसत नाही. दुसरी टीका अशी, की त्यांचा सूर करडा आहे आणि चुकीला क्षमा नाही. ही टीका खरी असली तरी तोच सूर त्यांना वाचनीय बनवतो. विमानतळावरच्या सँडविचपासून गाजलेल्या उपाहारगृहापर्यंत जे वाईट आहे त्याला वाईट म्हणण्याची हिंमत खाद्यलेखनात दुर्मीळ आहे.

शाकाहारी वाचकाला या पुस्तकांचा उपयोग होईल का?

होईल, पण मर्यादित. पुस्तकांचा मोठा भाग मांस-मासळीचा आहे आणि सूपसुद्धा बरेचदा मांसाच्या रश्शावर आधारलेले असते. तरी भाज्यांच्या प्रकरणात शिकण्यासारखे पुष्कळ आहे, कारण भाजी हा तिथे मांसाशेजारचा तोंडीलावणीचा पदार्थ नसून पुष्कळदा स्वतंत्र वाढला जाणारा पदार्थ असतो. वर दिलेला ग्रातँ निव्वळ शाकाहारी आहे. वांगी, टोमॅटो, ढोबळी मिरची आणि कांदा ऑलिव्ह तेलात मंद शिजवलेला रातातुई आपल्याकडील सामानात उत्तम होतो. १९७० च्या पुस्तकातील धने घातलेले मश्रूम तर मराठी जिभेला ओळखीचे वाटतील. धने जाडसर कुटून ऑलिव्ह तेलात परतायचे, मश्रूम, तमालपत्र आणि लिंबाचा रस घालून थोडा वेळ शिजवायचे आणि गार करून खायचे. अंडी चालत असतील तर त्यांचे अंड्यांचे प्रकरण एकट्यानेच पुस्तकाची किंमत वसूल करते.

भारतात करताना मापे आणि सामान यांचे काय?

पुस्तके ब्रिटिश मापांत आहेत. औंस सुमारे २८ ग्रॅम, पौंड सुमारे ४५० ग्रॅम. पाइंट ब्रिटिश असून तो ५६८ मिलिलिटरचा आहे. अमेरिकी पाइंट ४७३ मिलिलिटरचा असतो, तेव्हा अमेरिकी मापाचा कप वापरून गोंधळ करू नये. ओव्हनचे तापमान फॅरनहाइटमध्ये आणि ब्रिटिश गॅस-ओव्हनच्या बटणावरील अंकांत असते. गॅसचा अंक ४ म्हणजे १८० अंश सेल्सिअस.

खरी अडचण क्रीमची आहे. ब्रिटनमधील दाट क्रीममध्ये सुमारे ४८ टक्के स्निग्धांश असतो, तर आपल्याकडे खोक्यात मिळणाऱ्या नेहमीच्या क्रीममध्ये साधारण २५ टक्के. असे पातळ क्रीम दीड तासाच्या आंचेत किंवा वाइन आणि लिंबाच्या आंबटपणाने फाटू शकते. जास्त स्निग्धांशाचे, साखर नसलेले क्रीम मिळाले तर ते घ्यावे. नाहीतर म्हशीच्या दुधाची घट्ट, ताजी साय थोड्या दुधात फेटून वापरली तर ग्रातँ चांगला जमतो. सायीला आंबूस वास लागलेला नसावा. दुकानातील आपले नेहमीचे लोणी खारट असते, हे लक्षात ठेवून मीठ बेताने घालावे. तॅरागॉनसारखी सुगंधी पाने ताजी मिळणे कठीण. वाळलेली वापरण्यापेक्षा तो पदार्थ सोडून दुसरा निवडणे हाच त्यांच्या पद्धतीला धरून असलेला मार्ग आहे.

फ्रान्सनंतर त्यांनी काय लिहिले?

१९५४ मध्ये ‘इटालियन फूड’ आणि १९५५ मध्ये ‘समर कुकिंग’ ही पुस्तके फ्रेंच ग्रंथाच्या आधीच आली होती. १९६३ साली मेंदूतील रक्तस्रावामुळे त्यांची खारट चव ओळखण्याची क्षमता काही काळ बाधित झाली. एवढ्या चोखंदळ जिभेच्या माणसावर हा केवढा आघात असेल, याची कल्पना करता येते. त्यानंतर त्यांचा ओढा इतिहासाकडे वळला. १९७७ मधील ‘इंग्लिश ब्रेड अँड यीस्ट कुकरी’ हा पावावरील जाडजूड ग्रंथ अनेक वर्षांच्या अभ्यासातून झाला, आणि बर्फ व आइस्क्रीमच्या इतिहासावरील अखेरचे पुस्तक त्यांच्या संपादक जिल नॉर्मन यांनी १९९४ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध केले.

त्यांना कोणते सन्मान मिळाले?

ब्रिटिश सरकारने १९७६ मध्ये ओबीई आणि १९८६ मध्ये सीबीई हे किताब दिले. फ्रान्सने १९७७ मध्ये शेतीविषयक गुणवत्तेचा सन्मान दिला. १९८२ मध्ये रॉयल सोसायटी ऑफ लिटरेचरने फेलो म्हणून निवडले. रॉयल सोसायटी ऑफ लिटरेचरच्या या सन्मानाचे मोल त्यांना सर्वांत जास्त होते असे म्हणतात, आणि त्यांचे गद्य वाचणाऱ्याला त्याचे आश्चर्य वाटणार नाही.

सुरुवात कोणत्या पुस्तकाने करावी?

स्वयंपाक करायचा असेल तर ‘फ्रेंच प्रोव्हिन्शियल कुकिंग’ने, पण पहिल्या पानापासून सरळ वाचत जाऊ नये. आधी अंड्यांचे आणि भाज्यांचे प्रकरण घ्यावे, त्यातील दोन-तीन पदार्थ हाताखालून जाऊ द्यावेत, आणि मग प्रांतांवरील सुरुवातीचा भाग वाचावा. तोपर्यंत नावे आणि चवी थोड्या परिचयाच्या झालेल्या असतात. केवळ वाचनाची आवड असेल तर ‘अ‍ॅन ऑम्लेट अँड अ ग्लास ऑफ वाइन’ घ्यावे आणि त्यातील बाजारांवरचे लेख आधी काढावेत. ‘फ्रेंच कंट्री कुकिंग’ तिसरे. मेडिटरेनियन पुस्तकाला ऐतिहासिक महत्त्व सर्वांत जास्त असले, तरी त्यातील कृती पुढच्या पुस्तकांच्या मानाने फारच त्रोटक आहेत, त्यामुळे नवशिक्याने ते सर्वांत शेवटी घ्यावे.